एकोणतीसच्या पुढं

परभणीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथल्या अर्जात ‘छंद’ असा एक रकाना होता. मी तिथे ‘वाचन’ असं लिहिलं. शाळेपासून प्रत्येक अर्जावर मी तेच लिहीत आले आहे. ते खोटं होतं असंही नाही. दहावीपर्यंत मी खरंच वाचायचे, शाळेच्या ग्रंथालयातली इंग्रजी पुस्तकं, आठवड्याला दोन. नंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. वाचन कमी होत गेलं आणि शब्द मात्र रकान्यात राहिला, आधार कार्डावरचा जुना फोटो राहतो तसा. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांना टायपिंगचा वेग हवा होता.

सकाळी नऊच्या गाडीने पेडगावहून परभणी, दहा ते साडेपाच लोकांच्या रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करणं, साडेसहाला घरी. पुढचे तीन तास माझे. ते मी पलंगावर, चार्जरची वायर पोचेल तेवढ्या अंतरात पडून घालवायचे. फोनवर बहुतेक वेळा पुस्तकंच असायची, म्हणजे पुस्तकांचे व्हिडिओ. मोठ्या शहरांतल्या मुली आपली कपाटं दाखवायच्या, कुठलं पुस्तक वाचून रडू आलं ते सांगायच्या. मी नावं एका यादीत लिहून ठेवायचे. यादी बरीच लांब झाली होती.

हे घडलं त्या वर्षी जानेवारीत एका ॲपने मला आयुष्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच गोष्टी निवडायला सांगितल्या होत्या. मी कुटुंब, शिक्षण, प्रामाणिकपणा, स्वातंत्र्य आणि समाज या गोष्टी निवडल्या. समाज शेवटी घेतला, कारण चारच निवडून पुढे जाता येत नव्हतं.

आई चौथी शिकलेली आहे. घरात मी तिला मम्मी म्हणते, लिहिताना आईच लिहिलं जातं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. वडील एसटीत कंडक्टर आहेत, दिवसाआड त्यांची पालमची मुक्कामी गाडी असते. दोघांनी मला परभणीच्या इंग्रजी शाळेत घातलं. त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. घरात आम्ही मराठी बोलत होतो, पण वाचणं, लिहिणं आणि मोजणं माझं इंग्रजीतच झालं. मराठी मला वाचता येतं. दुकानाची पाटी वाचावी तसं.

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. त्रिशरण-पंचशील झालं की एक जण ग्रंथ वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्या बहुतेक बायकाच, दिवसभर खुरपून आलेल्या. वाचायचे ते गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ग्रंथातल्या प्रत्येक परिच्छेदाला आकडा आहे. गुरुजी तो आकडाही वाचायचे आणि थांबताना मोठ्याने सांगायचे, “आज सतरा झाले.” ग्रंथातला रेशमी दोरा फक्त धडा दाखवायचा, परिच्छेदाला खूण करायची पद्धत नव्हती. वाचून झालं की ग्रंथ निळ्या कापडात गुंडाळून ठेवायचा. कुठवर आलो ते बायका लक्षात ठेवायच्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, तरी आकडा कधी चुकला नव्हता.

आकडा सांगायचा मान आत्यांचा होता. त्या कुणाच्या आत्या ते मला माहीत नाही, सगळी वस्ती त्यांना आत्या म्हणते. गुडघे गेल्यामुळे त्यांचं शेतातलं काम सुटलं होतं. पण त्याआधी कितीतरी वर्षं त्या कामाला जात होत्या, आणि दर वर्षी आश्विनात सोयाबीन काढणीला आलं की त्यांचं विहारात येणं बंद व्हायचं. त्यामुळे ग्रंथाचा शेवट त्यांनी कधी ऐकला नव्हता. मागच्या वर्षी घरी होत्या, तर गुरुजींचे डोळे दुखायला लागून वाचनच अर्ध्यावर थांबलं. आणि या पौर्णिमेनंतर मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता.

“औंदा तरी तडीला न्या,” त्या गुरुजींना रोज म्हणायच्या. “तिकडं सोळाव्या मजल्यावर कोन वाचून दाखवनारंय मला? लिफ्टवाला?”

हे सगळं मला आईकडून कळायचं. मी विहारात वर्षातून दोनदा जायचे.

श्रावणात एका संध्याकाळी आई दारातूनच म्हणाली, “उद्यापासून तू वाच.”

“काय वाचू?” मी फोनवरून नजर काढली नाही.

“ग्रंथ. गुरुजी नांदेडला चाललेत, डोळ्यांचं आपरेशन हाय. मी बायांला सांगून आले, माझी पोरगी वाचंल. पुनवेपर्यंत पुरा करंल म्हनलं.”

“मला विचारायचं तरी.”

“त्यात काय इचारायचं? संध्याकाळी रिकामीच असतीस की.”

“मी रिकामी नसते. तो माझा फ्री टाइम असतो.”

आईने जरा विचार केला. “मंजी रिकामीच की,” ती म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

मला राग आला होता आणि तो कशाचा ते सांगता येत नव्हतं. इंग्रजीत फ्री असणं म्हणजे कुणाच्या ताब्यात नसणं. आमच्या घरात रिकामं असणं म्हणजे घागरीसारखं, कुणीही यावं आणि भरावं. आईच्या दृष्टीने मी भरायची राहिलेली घागर होते. वस्तीत तिने शब्द दिला होता, म्हणून मी गेले. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

विहार म्हणजे फरशीची एक खोली, दोन तसबिरी, एक पंखा. सतरंजीवर चौदा-पंधरा बायका आणि दाराजवळ तीन पुरुष होते. मी चौरंगासमोर बसले. पाठीमागे भिंत आहे याचं मला बरं वाटलं. रेशमी दोरा होता तिथे धडा उघडला आणि विचारलं, “कुठपर्यंत आलं होतं?”

“एकोनतीस झालंय,” आत्या म्हणाल्या. “एकोनतीसच्या फुडं.”

मी आकडा शोधला आणि वाचायला लागले, गुरुजींसारखे आकडे न वाचता. जोडाक्षरं आली की माझा वेग कमी व्हायचा आणि कानशिलं गरम व्हायची. मी सगळं लक्ष पुढच्या शब्दावर ठेवलं होतं. मागच्या शब्दाचं काय झालं ते बघायला सवड नव्हती. अर्ध्या तासाने मी थांबले. आईने माझ्या खांद्यावरून वाकून आकडा पाहिला आणि मोठ्याने सांगितलं, “बावन्न.”

“बावन्न?” आत्या म्हणाल्या. “एका दिसात? इंग्लिश शाळेची गाडी हाय बाबा, लय पळती.”

बायका हसल्या. मला ते कौतुक वाटलं. घरी जाताना आईची मानही जरा ताठ होती.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच आत्यांनी विचारलं, “त्या बायांचं काय झालं मग?”

“कुठल्या बायांचं?”

“त्या न्हाई का, पायी चालत आल्या. पाय सुजले त्यायचे. संघात घ्या म्हनल्या आन दाराबाहेर उभ्या ऱ्हायल्या. आत घेतलं का न्हाई त्यायला?”

मला अशा बायका वाचल्याचं आठवत नव्हतं. पण मी काय वाचलं यातलं फारसं काहीच मला आठवत नव्हतं, त्यामुळे संशय आला नाही. मी म्हटलं, “पुढे येईल, आत्या.” न समजणाऱ्या माणसाशी जसं हळू आणि स्पष्ट बोलायला शाळेत शिकवलं होतं तसं म्हटलं.

त्या रोज विचारायच्या, आणि मी रोज ‘पुढे येईल’ म्हणायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी घरी आईला म्हटलं की आत्यांना आता नीट समजत नसावं, वय झालंय.

आई म्हणाली, “त्यायला समजतंय. तुझंच काय तरी चुकायलंय.”

दहा दिवसांनी गुरुजी आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता, वाचायला डॉक्टरांनी अजून मनाई केली होती. ते भिंतीला टेकून बसले आणि आत्यांनी माझी तक्रार थेट त्यांच्यापुढे मांडली. “गुरुजी, ही पोरगी वाचती चांगलं. पर त्या बाया कुठं गेल्या ते सांगत न्हाई.”

गुरुजींनी मला विचारलं, “पहिल्या दिवशी कुठून सुरू केलंस बाळा?”

“एकोणतीसच्या पुढून.”

“आकडा बघून सांग.”

मी पान उघडलं. “चार, शून्य. चाळीस.”

मग गुरुजी अगदी मऊ आवाजात, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, इंग्रजीत म्हणाले, “एकोणतीस इज ट्वेंटी-नाइन.”

मराठीत वीसपर्यंतचे आकडे मला घरात ऐकून येतात, दहाचे टप्पे बाजारामुळे येतात. मधले सगळे शब्द माझ्यासाठी अंदाजाचे होते. एकोणतीसमध्ये मला तीस ऐकू आलं होतं आणि ‘एकोण’चा मी नऊ केला होता. म्हणजे एकोणचाळीस. त्या दहा परिच्छेदांमध्ये बायकांना आत घेतलं की नाही ते होतं.

सगळ्यात आधी आत्यांच्या लक्षात आलं. “अगं माय! मंजी धा दिस झाले त्या बाया दारातच उभ्या हायत?”

खोलीत हशा फुटला. एक जण पदर तोंडात कोंबून हसत होती. दाराजवळचा पुरुष म्हणाला, “इंग्लिश शाळेनं धा आकडे खाल्ले.” आत्या डोळे पुसत म्हणाल्या, “बिचाऱ्या, पाय सुजलेले, आन ही म्हंती फुडं येईल, फुडं येईल.” आई पण हसत होती. मी फक्त तिच्याकडे पाहिलं. मग म्हटलं की घसा दुखतोय, उद्या वाचते.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. आईला सांगितलं की प्रयोगशाळेने तपासणी शिबिर ठेवलंय, उशीर होईल. शिबिर नव्हतं. मी परभणीच्या स्टँडवर पाथरीच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर बसून फोन बघत होते, आणि आठची गाडी पकडून घरी आले. असे तीन दिवस केले. प्रामाणिकपणा हा शब्द त्या ॲपमध्ये मीच निवडला होता, पण त्या बाकावर मला तो आठवला असं मी म्हणणार नाही. मला फक्त कुणी माझ्याकडे बघू नये असं वाटत होतं. स्टँडवर ती सोय असते.

तिसऱ्या दिवशी त्याच बाकावर मला उपाय सापडला. फोनवर अख्खा ग्रंथ वाचलेला होता, भाग पाडून. वाचणाऱ्या माणसाचा आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ. चूक होण्याचा प्रश्नच नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. चौथ्या संध्याकाळी मी विहारात छोटा स्पीकर घेऊन गेले आणि चौरंगावर ठेवला. म्हटलं, “मी वाचण्यापेक्षा हे खूप चांगलं आहे. सुटलेल्या परिच्छेदांपासून यावरच लावते.”

बायका सावरून बसल्या. आवाज सुरू झाला. त्या बायकांना आत घ्यायला आधी नकार होता, मग कुणीतरी त्यांची बाजू मांडली आणि शेवटी त्यांना आत घेतलं, पण काही अटींवर.

“अटी?” आत्या म्हणाल्या. “थांब थांब. कामून अटी? बाप्यांला व्हत्या का?”

आवाज पुढे चालला होता.

“अगं, थांबव त्याला!”

मी फोन उचलेपर्यंत तो चार ओळी पुढे गेला होता. मागे घेतलं तर खूप मागे गेला. पुन्हा लावला. आत्यांनी पुन्हा हात वर केला. तेवढ्यात स्पीकरमधून टिंग झालं, कुणीतरी मला कुठल्या तरी कुर्त्याचा फोटो पाठवला होता. मी आवाज बंद केला.

“बाप्यांला व्हत्या का अटी, गुरुजी?” आत्यांनी परत विचारलं.

“अशा नव्हत्या,” गुरुजी म्हणाले.

“मग हे काय बरूबर न्हाई.”

“बरोबर आहे का नाही ते ग्रंथ वाचून समजत नसतं आत्या, त्यावर बोलावं लागतं.”

आणि ते बोलले. आईने अंगणवाडीतलं सांगितलं, तपासणीला साहेब आले की मदतनीस बाईने दाराशी उभं राहायचं असतं. एक जण म्हणाली, अटी घालून का होईना, आत घेतलं ना, बाहेर ऱ्हायलेल्याला काय कळतं. दुसरी म्हणाली, तुला तुझ्या सासूनं अटींवरच घेतलंय म्हनून तुला गोड लागतंय. त्यावर बराच गोंधळ झाला. मी स्पीकरशेजारी बसून होते. माझ्या लक्षात आलं की या बायका सकाळी सातला घर सोडतात, सहाला परत येतात, चूल पेटवायच्या आधीचा एक तास त्यांच्याजवळ असतो, आणि तो त्या इथे आणून खर्च करतात. हे करताना त्यांना आपण काही चांगलं करतोय असं वाटत असल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं. त्या भांडत होत्या.

उठताना आत्यांनी स्पीकर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मला परत दिला. “आवाज लय चांगला हाय त्याचा. पर त्यो थांबत न्हाई. तूच वाच माय. तू चुकतीस, पर थांबतीस.”

घरी जाताना आई म्हणाली, “शिबिर संपलं का?”

मी म्हटलं, “शिबिर नव्हतं.”

“माहीत हाय. तुझ्या पप्पांनी बघितलं तुला स्टँडवर. त्यायची गाडी लागली व्हती.”

त्यानंतर मी रोज वाचलं. मला यातून आनंद मिळायला लागला असं लिहिणं सोपं आहे, पण तसं लगेच झालं नाही. कितीतरी संध्याकाळी माझं मन पलंगावर असायचं. एवढंच झालं की मी वाचायच्या आधी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या दिवसाची पानं एकदा बघून ठेवायला लागले. माझ्याकडे दुसरी प्रत होती, वडिलांनी कधीतरी आणलेली, न उघडलेली. बघता बघता मला प्रश्न पडायला लागले, आणि आत्या तेच प्रश्न संध्याकाळी विचारतात की दुसरे, याची मी मनातल्या मनात पैज लावायचे. बहुतेक वेळा हरायचे. प्रयोगशाळेतली माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, “देवाचं वाचतेस का गं?” मी ‘नाही’ म्हटलं. एवढं बोलून आम्ही दोघी रिपोर्टांकडे वळलो.

चर्चा वाढल्या तसं वाचन मागे पडत गेलं. आश्विन लागला तेव्हा गुरुजींनी राहिलेली पानं चाळून मान हलवली. त्यातच सोयाबीन काढणीला आलं. बायका आठला यायच्या, काही येईनाशा झाल्या, आलेल्या बसल्या जागी पेंगायच्या. पौर्णिमेला ग्रंथ पुरा होत नव्हता. आणि शब्द आईने दिलेला होता.

मग मी एक सूचना केली. कुणी विचारलं नसताना सगळ्यांपुढे बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी. “मला रविवारी सुट्टी असते. आपण रविवारी दुपारभर वाचू या. तीन तासांत बरंच होईल.”

“सोयाबीनला आईतवार कळतो का गं?” आत्या म्हणाल्या.

मी जन्मापासून याच गावात राहते. मला हे सुचायला हवं होतं. रविवार ही माझी शाळेची सवय होती.

“मग आत्या, तुम्हाला एकटीला वाचून दाखवते,” मी म्हटलं. “तुम्ही तर घरीच असता. दुपारी येते.”

त्यांनी जरा वेळ विचार केला. मोहात पडल्या होत्या ते दिसत होतं. मग म्हणाल्या, “न्हाई. एकटीनं ऐकून काय करू? भांडायचं कुनासंग? तुला तर भांडता येत न्हाई.”

तेव्हा रोजच्या तासाशिवाय काहीच हातात नव्हतं. पौर्णिमा आली. खीर झाली, पंचशील झालं, शेजारच्या गावाहून पाहुणे आले, भाषणं झाली. ग्रंथाची वीसेक पानं शिल्लक होती. सूत्रसंचालन करणाऱ्याने ‘ग्रंथवाचनाची सांगता’ असं जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. आई टाळ्या वाजवत नव्हती. आत्यांचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

खीर खाऊन झाल्यावर आत्या गुरुजींना म्हणाल्या, “पुनवेलाच संपवायचं असं ग्रंथात लिव्हलंय का?”

“नाही,” गुरुजी म्हणाले.

“मग संपलं म्हनून कशाला सांगायलाय हा?” आणि मुलाकडे वळून, “मी तीन दिस ऱ्हाते.”

“आई, रजा नाही मला. आणि ते सगळं यूट्यूबवर आहे. मी लावून देतो ना घरी.”

मी दुसरीकडे बघितलं.

“तू जा,” आत्या म्हणाल्या. “मी ह्या पोरीच्या बापाच्या एष्टीनं येते.”

“पप्पांची गाडी पालमला जाते,” मी म्हटलं.

“तिथून फुडं जाती की दुसरी एखांदी.”

मुलगा राहिला. फोनवर कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलताना मी त्याला पाहिलं, एका हाताने कपाळ धरलेलं. पहिल्या दिवशी सात बायका आल्या. आम्ही नऊ पानं वाचली. दुसऱ्या दिवशी एक तास एकाच पानावर गेला, कारण आत्यांना एक गोष्ट पटत नव्हती. मी पहिल्यांदाच मधे बोलले, “आत्या, वेळ कमी आहे. आधी पुढे जाऊ या का?”

“तुला कुठं जायचंय?” त्या म्हणाल्या.

मला कुठेच जायचं नव्हतं. जायचं त्यांना होतं. मी थांबले आणि त्यांनी आपलं म्हणणं पुरं केलं. मग मला काय वाटतं ते विचारलं. मला त्यांचं पटलं नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. काय सांगितलं ते आता नीट आठवत नाही, पण दोन बायका माझ्या बाजूने होत्या आणि आई आत्यांच्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच जणी होत्या, गुरुजी, आणि दाराबाहेर चपलांपाशी आत्यांचा मुलगा. मी शेवटचा भाग वाचला. जोडाक्षरं अजूनही अडवत होती. शेवटच्या पानावर आत्यांनी एकदाही थांबवलं नाही. शेवटची ओळ वाचून मी पान उलटलं. पलीकडे कोरा कागद होता.

“झालं?” आत्यांनी विचारलं.

“झालं.”

त्यांनी सतरंजीवर हात फिरवला. “मला वाटलं व्हतं आजून काय तरी आसंल.”

“आयुष्यभर ऐकलंत की आत्या,” गुरुजी हसले.

“तेच म्हंते. एवढं ऐकलं, तर मला वाटलं शेवटी काय तरी येगळं सांगत आसतील.” त्या रागावल्या नव्हत्या. नाराज होत्या, आणि ती नाराजी त्यांनी लपवली नाही. मुलाने दोन्ही हात धरून त्यांना उठवलं. दारात थांबून त्या आईला म्हणाल्या, “पोरीनं पुरा केला बरं का.” मला काही म्हणाल्या नाहीत.

बाकीच्या बायका मळणीयंत्र उद्या कुणाच्या खळ्यावर येणार ते बोलत निघून गेल्या. मी ग्रंथ कापडात गुंडाळला. आत्यांना जे वाटत होतं ते मलाही वाटत होतं, अजून काहीतरी हवं होतं असं. पुस्तक संपल्यावर असं शेवटचं कधी वाटलं होतं ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. आई दिवा मालवायला थांबली होती, म्हणून मी उठले.